मोजणी झाली तेव्हा आम्ही गावात नव्हतो

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, माननीय नगराध्यक्षबाई. राज्याच्या महसूल खात्यातून एवढ्या लांब आलेले साहेब. आपल्या रुग्णालयाचे मोठे डॉक्टर. जिल्ह्याच्या गावी निघालेल्या आपल्या सिस्टर. समोर बसलेले लॉजवाले, घरगुती खोल्यावाले, माझ्या मैत्रिणी. आणि पहिल्या रांगेत पंख्याखाली जागा पटकावलेले माझे बाबा, सर्वांना नमस्कार.

खोल्यावाल्यांच्या संघटनेची सचिव म्हणून मला उभं केलंय. चार कौतुकाचे शब्द बोल, रडू नकोस, असं बजावलंय. बघते.

सिस्टरांचा डायलिसिसचा विभाग तुम्ही बाहेरूनच पाहिला असेल. आतून न पाहिलेलाच बरा. माझ्या बाबांची मूत्रपिंडं थकली तेव्हापासून एक दिवसाआड मी तिथे बसत आले आहे. खिडकीजवळची खुर्ची बाबांची. त्यांनी वजनकाट्यावर पाय ठेवला की सिस्टर म्हणायच्या,

"काका, पाणी किती प्यायलात?"

"घोटभर. उन्हाळा आहे हो."

"उन्हाळा मलाही आहे. काटा काय म्हणतोय ते बघा."

"काटा तुमच्या माहेरचा आहे, तुमचीच बाजू घेणार!"

रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येईपर्यंत हे भांडण चालायचं. भांडता भांडता बाबांना झोप लागायची. सिस्टर पंखा कमी करायच्या आणि त्यांच्या पावलांवर चादर ओढायच्या. मला सांगायच्या, "जा, चहा पिऊन ये. मी आहे."

हा विभाग उभा राहिला तो मुक्काम करावर. आपल्याकडे रात्र काढणारा प्रत्येक पाहुणा तो भरतो. पूर्वी निम्मा राज्याचा, निम्मा गावाचा. मग नियम बदलला. सगळा कर राज्याकडे जमा, आणि तिथून वाटप गावच्या लोकसंख्येप्रमाणे. साहेब, मला तुमच्याशी वाद घालायचा नाही. जिथे पाहुणे फिरकत नाहीत, तिथेही माणसं आजारी पडतात. त्यांनाही वाटा मिळायला हवा, हे मला पटतं.

पण माणसांची मोजणी आली ती भर सीझनमध्ये. आणि सीझनमध्ये आपण काय करतो? स्वतःच्या पलंगावर पाहुणे निजवतो आणि अंथरुणं उचलून वरच्या गावी नातेवाइकांकडे जातो. वर्षानुवर्षं. आपल्याला त्यात वेगळं काही वाटतच नाही. मोजणीचा नियम असा, की त्या रात्री जिथे झोपलात तिथे तुमचं नाव. आमच्या दारात मोजणीच्या बाई आल्या, तर दार उघडलं कुणी? पाहुण्यांनी. "घरचे वर गेलेत," त्यांनी सांगितलं. खरंच होतं ते.

वर आत्याच्या पडवीत बाबा खुर्ची टाकून बसले होते. मोजणारे येताच त्यांना पाणी दिलं आणि हौसेनं एकेकाचं नाव सांगितलं. बाजारात गेलेल्या माझंसुद्धा. घरोघरी हेच झालं. आपलं गाव कागदावर ओस पडलं आणि वरचं गाव फुगलं. त्यांना त्या पैशातून रंगीत दिव्यांचं कारंजं मिळालं. छान आहे, मी पाहून आले. आपण अर्ज केले, साहेबांनीही ते वरपर्यंत नेले. उत्तर आलं, पुढच्या मोजणीपर्यंत बदल नाही. विभाग चालवणं नगरपालिकेला झेपेना, म्हणून मशीन जिल्ह्याच्या रुग्णालयात चाललंय, आणि त्याच्याबरोबर सिस्टर.

माफ करा, मी कौतुक करायला उभी होते.

जिल्ह्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो. पण मी गाडी ठरवली आहे. काल बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "नावं सांगितली मी, आणि फरफट तुझी? मला नाही यायचं. खूप झालं." मी ओरडले, रडले, धाकट्या भावाला फोन लावून दिला. ते भिंतीकडे तोंड करून निजले.

बाबा, सगळ्या गावानं नावं सांगितली. तुम्ही एकट्यानं ते डोक्यावर का घेता? आणि फरफट म्हणजे काय हो? शेजारी बसून तुमची कुरकुर ऐकायची, एवढंच ना? ती मी घरीही ऐकते. सोमवारी सकाळी गाडी दारात येईल. याल ना?

नाही म्हणून मान हलवू नका. मला इथून दिसतंय.

अध्यक्षबाई, सभेत घरचं काढलं. कुणाला लागलं असेल, साहेबांना अवघडल्यासारखं झालं असेल, तर पोटात घाला. आपण सगळे खोल्या पाहुण्यांवर सोडून आलात, त्याबद्दल मनापासून आभार.

सिस्टर, आता सत्काराला उत्तर द्यायला तुम्ही उठाल. आमचे आभार मानू नका. शालीबद्दल, हाराबद्दल काही बोलू नका. बाबा माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. माईक घ्या आणि सोमवारचं तेवढं त्यांना सांगा.