जिलेबी कोणत्या हाताने खाल्ली?

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या, शाळा लवकर सुटली माझी, आणि शब्दही साधेच येतात.

संस्थानं विलीन होत होती तेव्हाची गोष्ट. राजपुऱ्यात तंबूत एक जुना, गाण्यांचा विनोदी बोलपट लागला होता. मधोमध सिनेमाचा पडदा, त्याच्या पुढे पुरुष, मागे बायका. सिंधीपुऱ्याच्या कमलशी माझं लग्न ठरत होतं. कोणीतरी तिच्या आईचे कान भरले की मी सिनेमाच्या नावाने पत्ते खेळायला जातो.

मी तो बोलपट पाहून आलो आणि दुसऱ्या दिवशी कमलच्या आईने मला घरी बोलावलं. "काल सिनेमाला होते ना? मग सांगा, हिरो गाता गाता जिलेबी कोणत्या हाताने खातो?"

"उजव्या, मावशी."

"झूठ! डाव्या हाताने खातो. आम्ही सगळ्या बायका तर त्यावरच हसलो. कमल, हा पोरगा तिथे नव्हताच!"

मलाच वाटायला लागलं, मी खरंच होतो का तिथे?

पुढच्या सकाळी मी तंबूत जाऊन पडद्याच्या मागे उभा राहिलो. पडद्याच्या कडेला पुढून रंगवलेलं 'शांतता राखा' तिथून उलटं दिसत होतं. तसाच सिंधीपुऱ्यात गेलो आणि म्हणालो, "मावशी, तुमचंच खरं. आम्ही पुरुष उलट्या बाजूला बसलो होतो."