आणीबाणीत कोणाला कळवावं

या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या विमा कंपनीच्या वित्त विभागाचे प्रमुख श्री. क्रेग ओल्थॉफ, ज्यांनी चर्चचं हे तळघर आज दुपारपुरतं आपल्याला दिलं आणि वर तापवूनही ठेवलं त्या पास्टर इंग्रिड, आजची सत्कारमूर्ती मार्लिस, तिच्या शेजारी चाकांच्या खुर्चीत बसलेले तिचे यजमान ड्वेन, आणि समोर कागदी ताटल्या मांडीवर तोलत बसलेले निळ्या कार्डाचे नि नारिंगी कार्डाचे माझे सर्व सहकारी, आपणा सर्वांना आर्लन ट्वेटचा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. कंत्राटी माणसाला कोणी बोलायला उभं करत नाही. त्याला बोलावतात तेव्हा काम अडलेलं असतं, आणि अडलेलं काम भाषणाने सुटत नाही. पण परवा मार्लिसने बजावलं, "तू बोलायचंस. पाच मिनिटं. आणि रडवायचं नाही, ड्वेनचं जेवण अर्धवट राहतं." म्हणून उभा आहे. ड्वेन, तुम्ही जेवत राहा.

आधी एका गोष्टीचा खुलासा. कंपनीच्या चौथ्या मजल्यावर तीनशे माणसं बसतील एवढं उपाहारगृह असताना आपण आयोवातल्या या डे मॉइनच्या जानेवारीत, बर्फातून गाड्या घसरवत, या तळघरात का जमलो? केकमुळे. निळं कार्ड म्हणजे कायम माणूस, नारिंगी म्हणजे कंत्राटी, हे आपल्याला ठाऊकच आहे. कंपनीने आणलेला केक नारिंगी कार्डाला चालत नाही, हेही ठाऊक आहे. का चालत नाही, हे मात्र मला विधी विभागातल्या एका तरुण वकिलाने समजावलं. म्हणाला, "मिस्टर ट्वेट, उद्या तुम्ही कोर्टात जाऊन म्हणाल की यांनी मला केक दिला, म्हणजे मी यांचाच माणूस." घरच्यांनीसुद्धा मला इतक्या स्वस्तात आपलं मानलं नव्हतं.

तेव्हा मार्लिसने ठरवलं, की आपला निरोप कंपनीच्या छपराखाली नको. ज्याने त्याने आपापलं भांडं घेऊन यावं. म्हणून आज हॅम बॉल्स आहेत, बटाट्याची तीन कॅसरोल आहेत आणि ज्याचा रंग निसर्गात सापडत नाही असा एक जेलोही आहे. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव आहे. भांडं इथे विसरलं, तरी कोणाला कळवायचं हे पास्टरना कळतं. मी दुकानातल्या ब्राउनी आणल्या, ॲल्युमिनियमच्या तबकात. त्यावर नाव लिहायचं कारण नसतं. ते तबक कोणी परत नेत नाही.

आता मूळ मुद्दा. मार्लिस एकतीस वर्षांनी निळं कार्ड परत करते आहे आणि सोमवारी नदीपलीकडच्या एका कंपनीत नारिंगी कार्ड गळ्यात घालते आहे. आणि तिची रिकामी खुर्ची श्री. ओल्थॉफ यांनी मला देऊ केली आहे. सोमवारी सकाळी आठपर्यंत उत्तर द्यायचं आहे. हे गुपित नाही, कारण गेले चार दिवस लिफ्टमध्ये जो भेटतो तो विचारतो, "मग, बसतोस का नाही?" जणू मी बसमध्ये उभा आहे.

ती का जाते आहे, हेही सर्वांना माहीत आहे. गेल्या वसंतात ड्वेनना अर्धांगवायूचा झटका आला. बारा आठवड्यांची रजा संपली, पण ड्वेनची उजवी बाजू काही बारा आठवड्यांत परतली नाही. मार्लिसने आठवड्याला तीन दिवस काम मागितलं. क्रेगने वर विचारलं, वरच्यांनी आणखी वर विचारलं, आणि उत्तर खाली आलं की धोरणात बसत नाही. क्रेग, तुमचा दोष नाही, हे मी मनापासून म्हणतो. वरच्या मजल्यावर थंडी जास्त असते एवढंच.

"सहा महिने काम, मग उन्हाळाभर घरी," मार्लिस मला म्हणाली. "काय वाईट आहे त्यात?"

मी मान हलवली. कंत्राटी माणसाला मान हलवायची सवय असते. पण मार्लिस, तेव्हा मी खरं बोललो नाही, आणि आज तुझ्यासमोर बोलतो, कारण इथून तुला मला थांबवता येणार नाही.

मीही एकोणीस वर्षं कायम होतो, दुसऱ्या एका कंपनीत. स्वतःच्या मर्जीने सोडलं. माझ्या निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि मी छाती काढून म्हणालो, "आजपासून माझा मालक मीच." पुढे कळलं, की हा मालक फार बोलत नाही. दहा वर्षांत नऊ ठिकाणी बसलो. कुठेही कोणी वाईट वागलं नाही. अवघड जातं ते हेच. वाईट वागले असते तर भांडता आलं असतं. सगळे विचारतात, शनिवार-रविवार कसा गेला? उत्तर ऐकायला थांबतातही. मग बुधवारी बारा वाजता सगळे एकदम जेवायला उठतात, कोट घालतात, आणि त्यातला सगळ्यात सज्जन माणूस तुझ्याकडे वळून म्हणतो, "आम्ही आलोच हं." त्या 'आम्ही'त तू नसतेस. तो तुला टाळत नसतो. त्याच्या यादीत तू नसतेस, इतकंच. मी टेबलावर कधी फोटो ठेवला नाही. माझा खण अजूनही एका खोक्यात मावतो.

आणि दर ठिकाणी पहिल्या दिवशी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो: आणीबाणीत कोणाला कळवावं? पहिली काही वर्षं मी बायकोचं, जनेलचं नाव लिहीत होतो. ती फिनिक्सला गेली, तिथे तिने दुसरं लग्न केलं, तरी मी वर्षभर तिचंच नाव लिहीत होतो. मग एका सकाळी वाटलं, उद्या मला काही झालं तर तिच्या त्या बिचाऱ्या नव्या नवऱ्याने जेवणावरून उठून आयोवाचा फोन का घ्यावा? पण रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. ते या कंपनीतलं माझं पहिलं कंत्राट होतं. समोर मार्लिस बसायची. ती आपल्या वाट्याचा केक कागदी रुमालात गुंडाळून माझ्या टेबलाशी ठेवायची आणि मोठ्याने म्हणायची, "डॉक्टरांनी गोड बंद केलंय." गेली सात वर्षं तिचे डॉक्टर तेच सांगत आहेत. मी तिला न विचारता तिचं नाव लिहून टाकलं.

अठरा महिने झाले की कंत्राटी माणसाने शंभर दिवस बाहेर राहायचं, हा नियम. त्या पहिल्या कंत्राटाचा माझा शेवटचा दिवस असाच जानेवारीतला. पाचला दहा कमी असताना मी इमारतींना जोडणाऱ्या काचेच्या पुलावरून पलीकडे कॉफी आणायला गेलो. म्हटलं, शेवटची कॉफी सावकाश घ्यावी. ही चूक फक्त एकोणीस वर्षं कायम राहिलेला माणूसच करू शकतो. परत आलो तेव्हा पाच वाजून चार मिनिटं झाली होती आणि पाचच्या ठोक्याला बंद झालेल्या माझ्या कार्डाला दारावर लाल दिवा. कोट आत. गाडीच्या किल्ल्या कोटात. फोन टेबलावर.

खाली पहारेकरी ओटिस होता. संगणकात पाहून म्हणाला, "आर्लन, तुझं नाव यादीत नाही."

"ओटिस, सकाळी तू मला नावाने हाक मारलीस."

"सकाळी होतं."

मग ओटिसने खण उघडला. "संगणकातून गेलास, पण तुझा कागद अजून माझ्याकडे आहे. यावर एक नाव आहे. लावू फोन?"

सात मिनिटांत मार्लिस खाली आली. हातावर माझा कोट, कोटावर माझा फोन आणि जेवणाचा डबा, त्यावर कागदी रुमालातला एक चौकोन.

"मला विचारलं तरी होतंस का?" ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे आणीबाणीत मी धावायचं, आणि मलाच पत्ता नाही."

"रकाना रिकामा सोडता येत नव्हता," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चिडणार. ती ओटिसकडे वळली. "ओटिस, जरा उभा राहा. समारंभ आहे." ओटिस टोपी काढून उभा राहिला. ती म्हणाली, "आर्लन इथे अठरा महिने होता. वेळेवर आला. लोकांबद्दल त्यांच्या पाठीमागे बोलला नाही, तोंडावर बोलला, ते आम्ही सहन केलं. त्याचे आभार." ओटिसने टाळ्या वाजवल्या. केक व्हॅनिलाचा होता.

नारिंगी कार्डावर इतक्या ठिकाणांहून निघालो. निरोप मला एवढा एकच मिळाला.

आता अशा बाईच्या खुर्चीत बसायचं आणि ती दुसरीकडे बंद दाराबाहेर उभी राहणार, हे मला जमेना. मंगळवारपर्यंत माझं क्रेगला नाही म्हणायचंच ठरलं होतं. वाक्यही तयार होतं, तीनदा घासून सभ्य केलेलं. बुधवारी मार्लिसचा फोन आला.

"आर्लन, तुझा नंबर सांग. माझ्या फोनमध्ये आहे, पण मी फोनवरच बोलतेय."

"कशाला?"

"फॉर्म भरतेय. ड्वेनला फोन उचलता येत नाही, मुलगी अलास्कात. हा रकाना रिकामा सोडला तर पुढे जात नाही म्हणे."

"मला विचारलं तरी का?"

"विचारतेच आहे ना आता," ती म्हणाली. मग मी आकडे सांगितले. सावकाश, एकेक.

तेव्हा अध्यक्षमहाराज, सोमवारपर्यंत थांबत नाही. मी बसतो त्या खुर्चीत. माझं नाव आता कोणाच्यातरी कागदावर आहे, आणि अशा माणसाने एका ठिकाणी सापडायला हवं. फक्त एक अट आहे, ती नेमणुकीच्या पत्रात लिहून द्यावी. मार्लिसचं कंत्राट तीस जूनला संपतं. त्या दिवशी आपली सहामाही संपते, आणि गेल्या तीस वर्षांत त्या दिवशी या विभागातून आठच्या आत कोणी उठलेलं नाही. मी साडेचारला उठणार. धोरणात बसत नसेल तर वर विचारा. क्रेगने होकारार्थी मान हलवलेली सर्वांनी पाहिली आहे, आणि पास्टर इंग्रिड साक्षीदार आहेत.

मार्लिस, त्या दिवशी पाच वाजता मी तुझ्या नव्या कंपनीच्या दाराबाहेर असेन. जूनमध्ये कोट लागणार नाही. तरी मी एक आणेन. समारंभ करायचा आहे.

पास्टरचे आणि चर्चच्या हीटरचे आभार. ड्वेन, तुम्ही बायको इतकी वर्षं आम्हाला उसनी दिलीत, तुमचे आभार. ओटिस मागे उभा आहे, त्याचा कागदांचा खण असाच भरलेला राहो. बोलताना कोणाला लागलं असेल, तर ते केकच्या पहिल्या घासाबरोबर गिळून टाकावं. आज केक सर्वांना चालतो. आणि निघताना आपापली भांडी बुडाचं नाव पाहून न्यावीत. मघाशी ब्राउनी घ्यायला गेलो तेव्हा त्या तबकाच्या कडेलाही चिकटपट्टी दिसली, मार्लिसच्या अक्षरात. ते तबक कोणी टाकू नका. माझं आहे.