कौसामावशीकडे रेंज येते

—नाही हो साहेब, चोरीचा नाही, रोख देऊन आणलाय, उल्हासनगरला कॅम्प दोनमधून. माझ्या जितेशनेच आणला, गच्चीवर तो अँटिना पण त्यानेच ठोकला—बसा की, हातातलं ते माशाच्या काट्यासारखं यंत्र ठेवा खाली. सरकारी वायरलेसवाले असं घरोघरी फिरतात हे मला माहीतच नव्हतं. रेंज वाढवायच्या बूस्टरला परवाना लागतो? एवढ्याशा डब्याला? दुकानदार तर म्हणाला, बिनधास्त लगाओ माई, टॉवर ही टॉवर आएगा. आणि तुम्ही म्हणता याच्यामुळेच अख्ख्या गल्लीचा टॉवर जातो. माणसाने कुणाचं खरं मानायचं? अहो थांबा, उचलू नका, वर दही लावलंय! गरम असतो ना तो डबा—अंबरनाथला थंडी पडली की दही लागत नाही, याच्यावर ठेवलं की सकाळी सुरीने कापावं असं. रोज ओल्या फडक्याने पुसते मी त्याला. काय? शॉक? छे, मुंग्या येतात बोटाला, तेवढंच.

तळमजला आमचा, त्यात मागे कारखान्याची भिंत. जितेश मस्कतला. त्याचा फोन आला की मी खिडकीच्या गजाला कान लावून उभी, आणि तो आपला 'आई, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का'. म्हणून सुट्टीला आला तेव्हा लावून गेला. आवाज असा यायला लागला की बाजूला बसून बोलतोय. मग काय झालं देव जाणे, वरच्यांचे फोन बंद पडत गेले. पहिली तिसऱ्या मजल्यावरची पद्मजा आली—मावशी, तुमच्याकडे रेंज येते का हो? म्हटलं ये. मग राजू आला, मग सगळी बिल्डिंगच. दारात चपलांचा एवढा ढीग, रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं घरात कुणी गेलं की काय. तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीवर किर्तीचा इंटरव्ह्यू झाला. हरिचंद्र भावोजींची लेक बाळंत झाली, ते त्यांच्या बायकोच्या आधी मला कळलं. आणि ही प्राची आत बोलतेय ना, ती होणाऱ्या नवऱ्याशी—मी ऐकत नाही हो, कुकरची शिट्टी झाली की मधलं हुकतंच.

जितेश? तो आता फोन करत नाही फारसा. मेसेज पाठवतो. गुड मॉर्निंगचे, फुलं असतात त्यात. मग डबा कशाला चालू ठेवला म्हणजे? मला काय माहीत याच्यामुळे होतं ते! मी अडाणी बाई. दिवाळीच्या साफसफाईला पिन काढली होती, तर वर सगळ्यांचे फोन धडाधड वाजायला लागले, दिवसभर दाराशी कुणी फिरकलं नाही, पातेलंभर चहा तसाच—संध्याकाळी लावली परत पिन. म्हणजे, साफसफाई झाली होती ना, म्हणून. असं बघू नका हो. उपयोगच झालाय लोकांना. परवा पद्मजाच्या सासऱ्यांना चक्कर आली, घरून अँब्युलन्सला फोन लागेना, तर पद्मजाच जिने उतरून धावत इथे आली आणि इथूनच लागला. वाचले बिचारे. मग? झाला की नाही उपयोग?

काय म्हणालात?

हो. लागला असता. वरूनच लागला असता.

ती जिन्यात पडली पण. गुडघा फुटला तिचा. मीच हळद लावली.

काढा. दह्याचं भांडं द्या इकडे, सांडेल. ती लाल पिन, हां, तीच—जरा हिसका द्यावा लागतो. झालं? एवढंच?

ऐकलंत? वाजायला लागले वर. हा राजूचा. हा हरिचंद्र भावोजींचा, ते असंच गाणं ठेवतात. प्राची, कट झाला का गं? बस की, चहा टाकलाय, सगळ्यांना पुरेल एवढा—गेली. वरून लावते म्हणाली.

चला, निघा तुम्ही पण साहेब. आणि जाताना दार ओढून घ्या. उघडं राहिलं की डास येतात.