फ्रेंच का हरले?

वडीगोद्रीच्या थांब्यावर माझ्या शेजारी उषाबाई आणि इतिहासाच्या पेपराला निघालेली त्यांची भाची बसल्या होत्या.

"मावशी, फ्रेंचांकडं तोफा होत्या, विमानं होती. तरी व्हिएतनाममधी कसे हरले?"

"त्यांचं घर कुठं होतं?"

"फ्रान्सला."

"मंग बराबर. माझा दीर पुण्याहून आल्ता, जेसीबी घेऊन, आम्हाला शेतातून काढायला. छप्पर पाडलं. आम्ही पुन्हा उभं केलं. त्यानं परत पाडलं, आम्ही परत उभं केलं."

"मंग?"

"त्याची रजा संपली. त्याला जायला पुणं होतं. आम्हाला कुठं होतं?"

"म्हणजे तुम्ही जिंकलात!"

"न्हाई गं. आम्ही गेलोच न्हाई."

"हेच लिहू पेपरात?"

"बिलकुल लिही. फकस्त दिराचं नाव टाकू नको. दिवाळीला येतो तो जेवायला."