वर्षाला सहा मैल

स्किप्टनच्या वार्षिक वाहन-तपासणीच्या गॅरेजात विनिफ्रेड आपल्या गाडीसाठी थांबली होती. शेजारच्या बाकावर एक नर्स मोबाईलवर विकायला काढलेल्या एका जुन्या मोपेडचा तपासणी-इतिहास काढून तिच्या म्हाताऱ्या मालकाला वाचून दाखवत होती.

“सतरा साली ब्रेक नापास. अठराला टायर नापास. मिस्टर ओल्डरॉइड, मोपेड आहे की माझा धाकटा भाऊ?”

“पुढं वाच की. नंतर दरवर्षी पास आहे.”

“का नाही होणार! वर्षाला सहा मैल? फुलदाणी म्हणून दिवाणखान्यात ठेवली होतीत का?”

“घर इथून तीन मैलांवर आहे. तपासणीला आणतो, परत नेतो.”

“बस्स? आणि चालवतं कोण?”

“मुलगा चालवायचा. ऑस्ट्रेलियाला जाताना म्हणाला, ‘डॅड, परत येईन तेव्हा तयार ठेवा.’”

“मग आता तो आल्यावर काय, पायी फिरणार?”

“गेल्या आठवड्यात त्यानं तिकडे घर घेतलं. फोटो पाठवलाय. गॅरेज आमच्या घरापेक्षा मोठं आहे.”

विनिफ्रेडच्या गाडीचा नंबर पुकारला गेला. ती उठली नाही.

“हे बघा,” नर्स म्हणाली, “ड्युटीला जायची आमच्याकडची पहाटेची बस बंद झालीय. हिला रोज सोळा मैल पळावं लागेल. जमेल?”

“न जमायला काय झालं? झोप भरपूर झालीय तिची.”