हिरवा नळ

टँकरच्या रांगेत शिंपीणबाईंचे हात बादलीवर होते, पण कान मागच्या दोघींच्या बोलण्याकडे. एक शेजारीण, तिच्यामागे पाणीखात्यातल्या साहेबाची आई.

"काकू, घरात साहेब असून तुम्ही रांगेत?"

"तो म्हणतो, नुसतं पाणी सोडण्याचे दिवस गेले. आता नियोजन महत्त्वाचं."

"मग बादलीत नियोजनच न्या की."

"कर चेष्टा. त्याने ॲप काढलंय. हे बघ, तुमचा नळ हिरवा आहे. म्हणजे पाणी चालू."

"सकाळपासून नुसता फुसफुसतोय तो."

"तक्रार केली होतीस?"

"कालच."

"मग तिला उत्तर गेलं असेल. उत्तर गेलं की नळ हिरवा होतो."

टँकरची धार बारीक झाली.

"अगं, मला जरा पुढे जाऊ दे. तो अंगाला साबण लावून बसलाय, आणि आज त्याचं भाषण आहे."

"कशावर?"

"चोवीस तास पाण्यावर."

"काकू, नळाला पाणी नसताना साबण लावला?"

"ॲपवर आमचाही नळ हिरवा दिसला ना. काल मीच तक्रार केली होती, आणि उत्तर त्यानेच दिलं होतं."

शिंपीणबाईंनी आपली बादली जराही मागे घेतली नाही.