चपटी आकाशगंगा

आमच्या बिबवेवाडीच्या घरात वरच्या खोलीत मुग्धा नावाची भाडेकरू मुलगी राहते. ती कॉम्प्युटरवर आकाशगंगा तयार करते. हसू नका, खरंच करते. सोमवारी तिला सरांना चकतीसारखी चपटी आकाशगंगा दाखवायची होती, आणि दर वेळी होत होता गोळा. रडवेली होऊन माझ्याशेजारी पायरीवर बसली.

"आजोबा, सुरुवातीलाच सगळ्या वायूचे तारे होऊन जातात. चकतीला काही उरतच नाही."

मी जन्मभर लग्नाघरचा आचारी. म्हटलं, "पहिल्या पंगतीला सगळं श्रीखंड दाखवायचंच नाही. निम्मं कोठीच्या खोलीत ठेवायचं."

"तसंच असतं हो. तारे फुटतात, त्या जोरानं वायू बाहेर जातो आणि सावकाश परत येतो. मी तो जोर कमी धरलाय."

"मग वाढव की."

सोमवारी संध्याकाळी ती आली. विचारलं, "झाली का चकती?"

"नाही. जोर इतका वाढवला की वायू गेला तो परत आलाच नाही. पण सर रागावले नाहीत, तुमच्या श्रीखंडाचं सांगितलं तर हसले. म्हणाले, माप या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. नक्की किती, ते तुझ्या आचाऱ्यांनाच विचारून ये."

"त्यांना सांग," मी म्हटलं, "माप आधी ठाऊक असतं, तर जिलबीचा पहिला घाणा दर लग्नात आम्हीच कशाला खाल्ला असता?"